पत्रादेवीच्या पलीकडची बिअर

मी दारू पीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कवी म्हटला की तो पीत असणारच, आणि मुसलमान म्हटला की पीत नसणारच, अशा दोन ठाम समजुतींच्या कात्रीत मी गेली तीस वर्षे सापडलेलो आहे. कविसंमेलनानंतरच्या जेवणावळीत यजमान माझ्याकडे बघून क्षणभर घोटाळतात, तो क्षण मला आता ओळखीचा झाला आहे. मी हसून सोलकढी मागून घेतो. तेव्हा आज मी बिअरबद्दल बोलणार आहे, ते चवीच्या अधिकाराने नव्हे. माझ्या एका मित्राने मला एक साधा प्रश्न विचारला, त्याचे उत्तर शोधता शोधता मी बराच दूरवर गेलो, ते तुम्हाला सांगायचे आहे.

हा मित्र एस.टी.त चालक होता. गेल्या वर्षी निवृत्त झाला. सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या गाड्या त्याने वर्षानुवर्षे हाकल्या. येताना सीमेवर गाडी थांबायची, साध्या वेशातला किंवा खाकीतला माणूस वर चढायचा, सीटखालच्या पिशव्या हलवून बघायचा. काचेला काच लागल्याचा आवाज झाला की एखादा प्रवासी खाली उतरायचा. माझ्या मित्राने इतक्या वर्षांत एक बाटलीही गाडीतून आणली नाही, आणि याचा त्याला रास्त अभिमान आहे.

त्याचा मुलगा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला आणि गोव्यात एका छोट्या बिअरच्या कारखान्यात लागला. दोडामार्ग तालुक्यातले घर, रोज सकाळी मोटारसायकलने गोव्यात जायचे, संध्याकाळी परत. सीमेवरच्या शेकडो मुलांचा हा नित्यक्रम आहे. त्या मुलाकडे गेल्या पावसाळ्यानंतर एका घाण्याची, म्हणजे एका वेळी शिजणाऱ्या बिअरची, पूर्ण जबाबदारी दिली गेली. त्याने त्यात आमच्याकडचे कोकम घातले. बापाला कोण आनंद! पण ती बिअर घरी आणता येईना. मित्र मला म्हणाला, "कवी, आमचे काजू गोव्याक जातत, बोंडा जातत, पोरगो जाता. मगे पोरान केलली बिअर घराक कित्याक येणा नाय?"

या 'कित्याक'चे उत्तर द्यायचा माझा हा प्रयत्न.

आधी ही बिअर कसली, ते पाहू. दुकानात मिळणारी नेहमीची बिअर मोठ्या कारखान्यात लाखो लिटरांत होते. जव भिजवून मोड आणायचे, ते भाजून त्यांचे माल्ट करायचे, गरम पाण्यात त्याचा गोड रस काढायचा, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून तो उकळायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा, ही कृती सगळीकडे सारखीच. मोठा कारखाना ती अशी बेतून घेतो की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत चव एकच लागावी. छोटा बिअरवाला नेमके उलट करतो. त्याचा घाणा लहान, हॉप्स जास्त, कधी त्यात संत्र्याची साल, कधी कोकम, कधी हापूस. हिला 'क्राफ्ट बिअर' म्हणतात. मी तिला मनातल्या मनात हातमागाची बिअर म्हणतो. यंत्रमागाचे कापड आणि पैठणी यांत जो फरक, तोच इथे. आणि हातमागाला जे सोसावे लागते, ते हिलाही लागते. कायदा मात्र दोघींना एकच गज लावतो.

आता तो कायदा. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदी अधिनियम केला. आज त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, आणि तो आजही चालू आहे. महाराष्ट्रात दारू मिळते ती या बंदीतून दिलेल्या परवान्यांच्या वाटेने, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विकणाऱ्याला परवाना लागतो, तसा पिणाऱ्यालाही लागतो. या कायद्यात 'आयात' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. शाळेत आपण आयात म्हणजे परदेशातून माल आणणे असे शिकलो. या कायद्यात आयात म्हणजे राज्यात आणणे. जर्मनीहून नव्हे, गोव्याहून. पत्रादेवीकडून बांद्याकडे आणलेला बिअरचा डबा, कायद्याच्या भाषेत, आयात केलेला माल होय. आणि परवान्याविना केली तर ती आयात हा गुन्हा आहे.

मी शब्दांवर पोट भरणारा माणूस नाही, कवितेवर कोणाचेच भरत नाही, पण शब्दांची खोड मला आहे. म्हणून या 'आयात'पाशी थोडा थांबलो. पत्रादेवीला एके काळी खरीखुरी परराष्ट्राची सीमा होती. पलीकडे पोर्तुगीज होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तिथून गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथले हुतात्मा स्मारक येता-जाता दिसते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ती सीमा पुसली गेली. मीठ, मासळी, माणसे, लग्नाच्या वराती, भजनी मेळे सगळे मोकळे झाले. एका वस्तूपुरती मात्र सीमा तशीच उभी राहिली. आजही बिअरच्या डब्याला पत्रादेवी ओलांडणे म्हणजे परदेशी जाणेच.

याचे मूळ राज्यघटनेत आहे. सातव्या परिशिष्टात केंद्राची, राज्यांची आणि दोघांची सामाईक अशा तीन याद्या आहेत. राज्यांच्या यादीतली आठवी नोंद मादक पेयांची: त्यांचे उत्पादन, ती जवळ बाळगणे, त्यांची वाहतूक, खरेदी, विक्री, सारे राज्याच्या हाती. त्याच यादीतली एक्कावन्नावी नोंद त्यांच्यावरील उत्पादन शुल्काची. शिवाय सत्तेचाळिसावे कलम सांगते की औषधाखेरीज मादक पेयांचे सेवन बंद व्हावे यासाठी राज्याने झटावे. थोडक्यात, घटनेने एका हाताने राज्याला दारूची तिजोरी दिली आणि दुसऱ्या हाताने दारूबंदीचा उपदेश केला. दोन्ही एकाच घरात नांदतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, देशभर एक बाजारपेठ झाली असे आपण ऐकले, पण माणसाने प्यायची दारू त्यातून वगळली गेली.

याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. माझ्या मित्राच्या मुलाने वापरलेले हॉप्स परदेशातून समुद्र ओलांडून येतात. ती खरी आयात. जकात भरली की ते देशात कुठल्याही राज्यात खुशाल जातात. उत्तरेकडच्या शेतातले जव दहा राज्ये ओलांडून जातात, त्यांना कोणी अडवत नाही. ही सगळी मंडळी गोव्यातल्या एका पिंपात एकत्र येतात, आंबतात, आणि आंबल्या क्षणापासून त्यांना काही किलोमीटरवरच्या दोडामार्गात पाऊल टाकायची बंदी होते.

'हे घटनाविरोधी नाही का?' असा प्रश्न कोणी विचारला नाही असे नाही. कायदा झाल्यावर लगेचच मुंबईच्या एफ. एन. बलसारा नावाच्या नागरिकाने न्यायालयात धाव घेतली. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि त्यांबरोबर औषधी वाइन नि यू-डी-कोलनसुद्धा बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य करावा, असे त्याचे म्हणणे. कायद्यात मद्यार्क असलेली प्रत्येक पातळ वस्तू 'दारू' ठरली होती, त्यामुळे रुमालावर शिंपडायचे अत्तरही सापळ्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५१ च्या मे महिन्यात लागला. तो न्यायमूर्ती फाजल अली यांनी लिहिला. औषधे आणि प्रसाधने सुटली. बिअर नाही सुटली. परदेशातून माल आणू द्यायचा की नाही हे केंद्राचे काम, पण आपल्या हद्दीत दारू बाळगू द्यायची की नाही हे राज्याचे, अशी त्या निकालाची मांडणी आहे. आजवर सारी इमारत त्या पायावर उभी आहे.

पण राज्यांना अगदीच मोकळे रान नव्हते. एक्कावन्नाव्या नोंदीत एक अट आहे. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या दारूवर जो समतोल कर बसवायचा, तो आपल्या राज्यात बनणाऱ्या तशाच दारूवरच्या कराइतका किंवा त्याहून कमी हवा. ओरिसाने बाहेरून येणाऱ्या विदेशी मद्यावरचा हा कर गॅलनमागे ४० रुपयांवरून ७० रुपये केला. कल्याणी स्टोअर्स नावाच्या दुकानाने विचारले की राज्यात असली दारू बनतच नाही, तर तोलायचे कशाशी? १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने दुकानाची बाजू उचलून धरली. तागडीच्या एका पारड्यात काहीच नसेल तर तोल कसला, इतका सरळ न्याय.

मग राज्यांनी दुसरी वाट काढली. कराऐवजी 'फी' घ्यायला सुरुवात केली. आयात परवान्याची फी, निर्यात परवान्याची फी, लेबल नोंदणीची फी. दारूचा धंदा हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, ती राज्याने दिलेली सवलत आहे आणि सवलतीची किंमत राज्य मागू शकते, हे न्यायालयांनी पुढे १९७५ च्या आणि १९९४ च्या निकालांतून मान्य केले. माझ्या मते हातमागाच्या बिअरची खरी अडचण इथून सुरू होते. कर हा मालाच्या प्रमाणात असतो. थोडे विकले, थोडा भरला. फी तशी नसते. लाखो पेट्या विकणारा आणि दोनशे पेट्या विकणारा, लेबल नोंदवायला दोघांनाही त्याच खिडकीपाशी तीच रांग.

लेबलाची ही गोष्ट जरा नीट समजून घेऊ, कारण ग्राहकाला दुकानात जे दिसते वा दिसत नाही, ते बव्हंशी यावर ठरते. प्रत्येक राज्यात प्रत्येक बिअरचे लेबल आधी मंजूर करून घ्यावे लागते, आणि दर अबकारी वर्षाला नव्याने. ('अबकारी'तला 'आब' म्हणजे फारसीत पाणी. पाण्याचा इतका कडक कारभार दुसरा नसेल.) लेबलावर 'फक्त अमुक राज्यात विक्रीसाठी' असे छापावे लागते. म्हणजे गोव्यासाठी छापलेला डबा महाराष्ट्रात निरुपयोगी. छापील डबे कमी संख्येने मिळत नाहीत, एकदम मोठा हप्ता घ्यावा लागतो. मोठी कंपनी दहा राज्यांसाठी दहा प्रकारचे डबे छापते. छोटा माणूस एका राज्याचे छापतो आणि गप्प बसतो. शिवाय प्रत्येक खेपेला आयात परवाना, वाहतुकीचा पास, वाटेत तिसरे राज्य लागले तर त्याचा वेगळा. आणि छोट्या बिअरचे आयुष्य? मोठ्या कारखान्याची बिअर गरम करून जंतुरहित केलेली असते, ती महिनोन् महिने टिकते. ताजी बिअर दुधाच्या जातीची. मे महिन्यात हापूस घालून केलेल्या बिअरचे लेबल जर गणपतीत मंजूर झाले, तर करायचे काय?

तोंडी लावायला आणखी एक. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमांत ५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली ती सौम्य बिअर, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत ती कडक. करही बहुधा या पायरीवर बदलतो. हॉप्स जास्त घातलेली 'आयपीए' साधारण ६ टक्क्यांवर जाते, ती चव म्हणून. नशेसाठी नव्हे, असे जाणकार सांगतात. पण करवसुलीच्या वहीत तिची जागा स्वस्त कडक बिअरच्या शेजारी.

मोठ्यांनाही ही चक्की सोडत नाही, याचे एक उदाहरण माझ्यासारख्या शब्दवेड्याने न सांगणे शक्य नाही. 'बिरा ९१' ही बिअर २०१५ मध्ये बाजारात आली. आधी ती बेल्जियममध्ये बनून येत असे, मग भारतात बनू लागली. तरुणांत तिची माकडाच्या चित्राची बाटली चांगलीच चालली. पुढे तिच्या कंपनीने शेअर बाजारात उतरायच्या तयारीत आपल्या नावातला एक शब्द गाळला: 'प्रायव्हेट'. बिअर तीच, कारखाना तोच, माकडही तेच. पण लेबलावर कंपनीचे नाव असते, म्हणून लेबल बदलले, आणि लेबल बदलले म्हणून राज्याराज्यांत पुन्हा नोंदणी. चार ते सहा महिने या चक्रात गेले आणि मागणी असूनही काही महिने विक्री जवळजवळ थांबली, असे कंपनीच्या संस्थापकांनीच सांगितले. जुन्या नावाचा सुमारे ८० कोटी रुपयांचा माल निकालात काढावा लागला. २०२३-२४ या वर्षात विक्री ८२४ कोटींवरून ६३८ कोटींवर आली आणि तोटा ७४८ कोटींचा झाला. त्या तोट्याला दुसरीही कारणे होती, सगळे खापर लेबलावर फोडता येणार नाही. तरी एका शब्दाची एवढी किंमत मी तरी आजवर ऐकलेली नाही. आम्ही कवी कवितेतला शब्द गाळतो तेव्हा संपादक उलट खूश होतो.

काही राज्यांत आणखी एक दार आहे. तामिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्रीही सरकारी महामंडळच करते. कर्नाटकात, तेलंगणात घाऊक खरेदी महामंडळाची. एकच खरेदीदार असला की दुकानाच्या फळीवर काय दिसावे हे तो ठरवतो. आंध्रात २०१९ नंतर दुकाने सरकारने घेतली तेव्हा ओळखीच्या बिअर दिसेनाशा झाल्या आणि कधी न ऐकलेली नावे आली. २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा खासगी दुकाने उघडली. जानेवारी २०२५ मध्ये थकबाकी आणि न वाढलेल्या दरांवरून देशातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने तेलंगणाचा पुरवठा काही दिवस थांबवला होता. तिला ते परवडले. दोनशे पेट्यांवाल्याला आधी दारातच कोण उभे करणार?

हा आपल्याकडचाच खुळेपणा आहे, असे मात्र समजू नका. कॅनडात जेरार कोमो नावाचे एक निवृत्त गृहस्थ न्यू ब्रन्सविक प्रांतात राहत. शेजारच्या क्वेबेकमध्ये बिअर स्वस्त. २०१२ मध्ये ते पूल ओलांडून गेले, १४ पेट्या बिअर आणि इतर मद्याच्या तीन बाटल्या घेऊन परत आले. पोलिसांनी गाडी अडवली. त्यांच्या प्रांतात बाहेरून आणायची बिअर १२ पाइंटांपेक्षा जास्त चालत नसे. दंड झाला २९२ डॉलर ५० सेंट. बहुतेकांनी तो भरला असता. कोमोंनी नाही भरला. कॅनडाच्या १८६७ च्या घटनेत लिहिले आहे की एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात मोकळेपणाने यावा. मग माझी बिअर का नाही, असा त्यांचा प्रश्न. खालच्या न्यायाधीशांनी २०१६ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या न्यायालयाने एकमताने निकाल दिला की प्रांताचा हेतू व्यापार अडवण्याचा नसून दारूवर देखरेख ठेवण्याचा असेल, आणि व्यापाराला बसणारी झळ केवळ अनुषंगिक असेल, तर बंधन चालेल. कोमो हरले.

हा निकाल वाचताना मला सारखे आपले ३०१ वे कलम आठवत होते. भारताच्या सर्व प्रदेशात व्यापार आणि दळणवळण मोकळे असेल, असे तेही सांगते. शब्द जवळजवळ तेच, आणि दारूपाशी आल्यावर त्यांचे होणारे कामही तेच. माझ्या मित्राला मी कोमोंची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "चौदा पेटये खूप झाले. माका एक डबो व्हयो."

जी बिअर प्रवास करू शकत नाही, तिने जागच्या जागी राहायचे ठरवले, आणि त्यातून आपल्याकडे एक नवी गोष्ट उभी राहिली. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली, महाराष्ट्रातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. जिथे बनते तिथेच पेल्यात ओतायची. बंगळूरमध्ये तर अशा जागांची रांगच लागली. पण ही बाटलीत भरून बाहेर न्यायची सोय नव्हती. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, पिंपांत बिअर तशीच पडून नासू लागली तेव्हा महाराष्ट्र सरकारने मोठ्या सुरयांत भरून ती घरी न्यायला परवानगी दिली. त्या सुरयांना 'ग्राउलर' म्हणतात. ज्यांना डब्यात भरून विकायचीच होती, त्यांतले काही गोव्याकडे वळले. बंगळूरच्या 'आर्बर ब्रुइंग'ने आपली डबाबंद बिअर गोव्यात बनवायला घेतली. डिचोलीजवळच्या लाटंबार्से गावाचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या एका कंपनीने आपल्या बिअरचे नाव ठेवले 'माका दी'. कोकणीत याचा अर्थ 'मला दे'. आमच्या मालवणीतही तोच. बिअरचे नाव दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखेच कळते. लाटंबार्सेपासून दोडामार्ग हाकेच्या अंतरावर आहे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, कवी बिअरवाल्यांचा वकील झाला की काय. तसे नाही. माझ्या गावाजवळच्या एका वाडीत मी आडव्या बाटलीचे मतदान पाहिलेले आहे. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद कर. मतदारयादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान जाते. त्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे ज्याने पाहिले, तो राज्याच्या हातातली ही सत्ता काढून घ्या असे म्हणू शकणार नाही. मीही म्हणत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या लढ्यातून आली. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, त्यावरही लोकांत दोन तट आहेत. सीमेवर पिशव्या तपासणाऱ्या माणसालाही त्याचे काम आहे. गोव्यातली स्वस्त दारू ट्रक भरभरून येते, नकली माल त्यात मिसळतो, आणि राज्याचा महसूल बुडतो; शाळा आणि रस्ते त्याच महसुलावर चालतात, हेही खरेच.

माझे म्हणणे इतकेच की ट्रकभर दारूसाठी विणलेल्या या जाळ्याची भोके फार बारीक आहेत आणि त्यात आधी अडकते ते लहान मासे. ट्रकवाला फी भरून, नाहीतर न भरून, वाट काढतोच. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईचे दुःख सहाशे रुपयांत चार डबे विकणाऱ्या कोकमवाल्याने निर्माण केलेले नाही. ते स्वस्त कडक दारूने केले, आणि तिची लेबले सगळ्या राज्यांत वेळेवर मंजूर असतात. छोट्या उत्पादकाला फी त्याच्या मापाची असावी, शेजारच्या राज्यांनी एकमेकांची लेबले मानावीत, गोव्यातून अधिकृत कर भरून एक-दोन डबे आणायची सोपी चिठ्ठी नाक्यावरच मिळावी. दारूबंदीचे धोरण यातल्या कशानेही सैल होत नाही.

आणि शब्दांचेच म्हणाल, तर ते बदलता येतात, हे सरकारने स्वतः दाखवले आहे. आमच्याकडे काजूची बोंडे वर्षानुवर्षे कुजून जातात किंवा टेंपोत भरून गोव्याला जातात. तिथे त्यांची फेणी होते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ठरवले की काजूबोंडे, मोहफुले यांपासून बनणाऱ्या मद्याला 'देशी' न म्हणता 'विदेशी मद्य' म्हणावे, म्हणजे त्याला भाव येईल. हेतू चांगला आहे. पण दोडामार्गच्या काजूचा रस दोडामार्गातच विदेशी झाला आणि पलीकडच्या गोव्याची बिअर आयात झाली, हे बघून माझ्या शब्दकोशाची पाने मी तूर्तास मिटून ठेवली आहेत.

तर मित्राचा प्रश्न. मी त्याला हे सगळे सांगितले, त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "घराक हाडूक येणा नाय, तर आपणच थयसर जावया."

आम्ही दोघे एस.टी.ने गेलो. आयुष्यभर चालकाच्या आसनावर बसलेला माणूस खिडकीपाशी बसून दर वळणाला उगाच पाय दाबत होता. मुलगा थांब्यावर न्यायला आला होता. एका साध्या खाणावळीत त्याने आमच्यापुढे दोन डबे आणि तळलेल्या बांगड्यांची थाळी ठेवली. "काका, तुमच्यासाठी कोकम सरबत सांगितलंय," तो मला म्हणाला. बापाने डब्यातली बिअर पेल्यात ओतली, उजेडात धरून बघितली. रंग फिकट तांबूस होता. एक घोट घेतला, बराच वेळ काही बोलला नाही. मुलगा टेबलावरचे पाण्याचे थेंब बोटाने पुसत बसला होता.

"आंबाट थोडा कमी घालूक व्हया व्हता," बाप म्हणाला. आणि पेला संपवला.

परतताना त्याने रिकामा डबा धुऊन, पुसून पिशवीत ठेवला. नाक्यावर गाडी थांबली. तपासणीवाला वर आला, पिशवीत हात घातला, डबा बाहेर काढला. उलटा करून बघितला, हलवून बघितला. डब्यावरची ओळ त्याने वाचली: फक्त गोव्यात विक्रीसाठी.

"रिकामो कित्याक नेतास?" त्याने विचारले.

"झिलान केलली," मित्र म्हणाला.

त्याने डबा परत पिशवीत ठेवला आणि पुढच्या सीटकडे गेला.